आधी एकटीने घरी परत येता आलं पाहिजे

तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय ३९, राहायला कोथरूड, दीड वर्षापूर्वी घेतलेली हायब्रिड सायकल, आठवड्यातून तीन सकाळी एकटीने पिरंगुटपर्यंत जाऊन येणं. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एका ग्रुपबरोबर पानशेतला निघालात. खडकवासला मागे पडल्यावर सगळे पुढे निघून गेले आणि उरलेला रस्ता तुम्ही रडवेल्या होऊन एकटीने कापलात. घरचे म्हणतात, एकटी जाऊ नकोस, ग्रुपबरोबरच जा. तुम्हाला मात्र आता ग्रुपचीच धास्ती बसलीय. आणि येत्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे. तयारी एकटीने करू की ग्रुपबरोबर, हा तुमचा प्रश्न.

मी एकवीस वर्षं सायकल चालवतेय. त्यातली बारा वर्षं रविवारच्या राइडला कधी लीड म्हणजे सगळ्यांच्या पुढे, कधी स्वीप म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारी म्हणून जाते. माझं मत आधीच सांगते: जिला कुठूनही एकटीने घरी परत येता येतं, तिनेच ग्रुपबरोबर लांब जावं. लोक उलटं सांगतात. आधी ग्रुपमध्ये शिक, मग एकटी जा. पण ग्रुप कधीही तुटतो. कुणाचं पंक्चर, कुणाच्या घरून फोन, कुणाचे पाय भरून आलेले. सहा जणांची राइड बघता बघता सहा एकट्यांची होते. तुमची खडकवासल्यानंतर झाली. त्यात चूक त्या ग्रुपचीच होती, त्यावर पुढे बोलतेच. पण त्या दिवशी तुमच्याकडे जादा ट्यूब नव्हती, पंप नव्हता, आणि असते तरी मागचं चाक काढता आलं नसतं, हेही तुम्हीच लिहिलंय. मला ते जास्त टोचलं.

तेव्हा पहिलं काम घरात. बाल्कनीत जुनी चादर टाका, सायकल उलटी करा आणि मागचं चाक काढा. चेन सर्वांत लहान दातेरी चाकावर आणून मगच काढायचं, म्हणजे बसवताना झगडावं लागत नाही. ट्यूब काढा, पुन्हा घाला, हवा भरा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल. पाचव्यांदा पंधरा मिनिटांत होईल. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा काच शोधायची सवय लावा, नाहीतर दुसरी ट्यूबही त्याच काट्याने जाते. ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता आहे तेही बघा. मोटारसायकलसारखा जाड असेल तर गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. रोड बाइकला असतो तसा बारीक प्रेस्टा असेल, तर त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो पिशवीत पडू द्या. टायरलाच चीर गेली तर आतून जुन्या टायरचा बोटभर तुकडा लावायचा. तो नसेल तर दुमडलेली नोटही घरापर्यंत पोचवते, मी पोचले आहे.

आता एकटीने चालवण्याचं. एकटीने चालवल्यावर पहिल्यांदा आपला स्वतःचा वेग कळतो. ग्रुपमध्ये तो कधीच कळत नाही, कारण तिथे आपण सतत कुणाच्या तरी वेगाने चालत असतो. चढावर हे सर्वांत स्पष्ट दिसतं. सिंहगडाचा चढ घ्या. गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर. तुमच्या-माझ्यासारखी बाई तो ताशी आठ-नऊच्या वेगाने चढते. या वेगाला वाऱ्याचा अडसर जवळजवळ नसतोच, सगळी ताकद वजन वर नेण्यात जाते. म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहून तिथे काहीच वाचत नाही. उलट पहिल्या दोन किलोमीटरमध्ये बरोबरच्याच्या नादाने दम संपवला, तर उरलेले सात नकोसे होतात. म्हणून चढाची तयारी एकटीनेच करावी असं मी सगळ्यांना सांगते. तोंडाने पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोरात चढायचं. वाक्य तुटायला लागलं की एक गिअर खाली. वर पोचल्यावर मडक्यातलं दही आहेच.

खाण्याचंही तसंच. एकटीला कुणी आठवण करत नाही, त्यामुळे दोन-तीनदा गळून गेल्यावर शरीराची वेळ पाठ होते. लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. हिशेब सोपा आहे: दर पाऊण तासाने एक केळं, नाहीतर चार खजूर, नाहीतर एक राजगिऱ्याचा लाडू, भूक लागायच्या आधीच. ग्रुपमध्ये लोक तासभर काही न खाता चालवतात आणि मग हॉटेलात थांबून मिसळीवर तुटून पडतात. पुढचे वीस किलोमीटर पोट धरून जातात. मिसळ राइड संपल्यावर खावी. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

वाऱ्याचा अभ्यासही एकटीनेच होतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. कोथरूडहून मुळशीकडे जाताना तो तोंडावर असतो, परतताना पाठीवर. एकटीने जायचं असेल तर अशीच दिशा निवडायची. ताजे पाय असताना वारा अंगावर घ्यायचा, दमल्यावर त्यानेच घरी ढकलायचं. याच्या उलट दिशेने गेलात तर पहिले तीस किलोमीटर स्वतःबद्दल भलताच विश्वास वाटतो आणि नंतरचे तीस संपत नाहीत.

एकटीच्या प्रवासाचं एक सुख असं आहे की ते ग्रुपमध्ये मिळूच शकत नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये मी एकटी कोकणात गेले होते. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर, बागमांडल्याच्या जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडून वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली. दाभोळला पुन्हा फेरीबोट, पलीकडे धोपावे, मग गुहागर, हेदवी, तवसाळहून जयगड आणि शेवटी गणपतीपुळे. खाडीपाशी आला की रस्ता संपतो, माणसांत बसून वाट बघावी लागते. बोटीत टोपल्या घेतलेल्या बायका सरळ विचारत, कुठनं आलीस गो बाय, एकटीच? घरी कोण कोण आहे? नवरा सोडतो? पाच मिनिटांत माझा सगळा संसार त्यांना ठाऊक. केळशीजवळ एका घरी पाणी मागितलं तर आजीने पडवीत बसवलं, घावणे आणि नारळाचा रस समोर ठेवला आणि मी खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. दोन वर्षांनी त्याच रस्त्याने आम्ही नऊ जण गेलो. छान झाली ती सहल, खूप हसलो. पण त्या नऊ दिवसांत हॉटेलवाल्यांखेरीज कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. घोळका आला की गाव बाजूला होतं. एकट्या माणसाला गाव जवळ घेतं.

पण याच भरवशाला एक मर्यादा आहे, ती मी अनुभवाने शिकले. एका एप्रिलमध्ये भोरकडे गेले होते, सकाळी जरा उशिराच निघालेली. साडेअकराच्या सुमारास परत येताना एका फाट्यावर थांबले आणि कुठे वळायचं हे सुचेना. शंभरदा गेलेला रस्ता. रसवंतीवाल्या काकांनी दोन प्रश्न विचारले, मी काहीतरी भलतंच बोलले असणार, कारण त्यांनी माझ्या हातातून सायकल काढून घेतली, सावलीत बसवलं, डोक्यावर पाणी ओतलं. नंतर मीठ घातलेला रस दिला. दीड तास त्यांनी मला उठू दिलं नाही. उन्हाने किंवा उपाशीपोटाने डोकं चालेनासं झालं, तर ते चालेनासं झालंय हे त्याच डोक्याला कळत नाही. बरोबर दुसरं कुणी असेल तर तिला आपल्या बोलण्यावरून लगेच कळतं. तेव्हापासून माझा नियम आहे: मार्च ते मे या काळात साठ किलोमीटरच्या पुढे एकटीने नाही. तसंच पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा घाटात एकटीने नाही. तिथे दरड येते, धुकं येतं आणि मोबाइलला बराच वेळ रेंज नसते. रात्री घाट उतरायचा असेल तरी एकटीने नाही. बाकी सगळीकडे मी जाते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे ज्याला घाबरतात ते बाई म्हणून एकटीने जाण्याचं भय मी टाळून पुढे जाणार नाही. ते खोटं नाही. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी सायकलने जगप्रदक्षिणेला निघाली आणि सुमारे २९,००० किलोमीटर १५९ दिवसांत पूर्ण केले, बहुतेक एकटीने. वाटेत स्पेनमध्ये तिला सुरा दाखवून लुटलं. तिने प्रवास सोडला नाही. ते धाडस सगळ्यांकडून मागावं असं मी म्हणत नाही. मी स्वतः काय पाळते ते सांगते. रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जात नाही. राइड नोंदवणाऱ्या अ‍ॅपमध्ये घराजवळचा भाग लपवलेला असतो, आणि राइड संपल्यावरच ती इतरांना दिसते. थांबायचं तर माणसं असलेल्या ठिकाणी, शक्यतो जिथे एखादी बाई गल्ल्यावर बसली आहे अशा हॉटेलात. कुणी मोटारसायकलवरून मागेमागे येऊ लागलं तर पहिल्या वस्तीत वळते आणि दुकानात जाऊन सरळ सांगते की हा माणूस मागे लागलाय. इतक्या वर्षांत असं तीनदा झालं. तिन्ही वेळा दुकानातली माणसं बाहेर आली. फोनमध्ये ११२ हा क्रमांक आहेच. आणखी एक गोष्ट सगळ्या सायकलवाल्यांना माहीत असावी: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आलं, त्यानुसार अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर बालंट येत नाही. लोक पोलिसांच्या भानगडीला भिऊन थांबत नाहीत. गावोगाव चहा पिताना मी हे सांगत असते.

कुत्र्यांबद्दल एवढंच. पळू नका. थांबा, उतरा, सायकल मध्ये घ्या आणि चालत पुढे जा. बहुतेक कुत्र्यांचा रस पळणाऱ्या चाकात असतो. चावलंच तर पंधरा मिनिटं साबणाने जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, राइड पूर्ण करत बसायची नाही.

आता ग्रुप. मी सुरुवातीची चार वर्षं फक्त एकटीने चालवलं आणि स्वतःला तयार समजत होते. २००८ मध्ये पहिल्यांदा सात जणांबरोबर सातारा रस्त्याने निघाले. खेड शिवापूरच्या पुढे सगळे ओळीत, वेग छान, आणि माझं पुढचं चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला अर्धवट पुढे गेलेलं. त्याने खड्डा चुकवायला किंचित उजवीकडे घेतलं. चाकाला चाक लागलं. अशा वेळी पुढच्याला काही होत नाही, मागचाच पडतो. माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. त्या सातांपैकी एकानेही मला आधी सांगितलं नव्हतं की चाकं शेजारी येऊ द्यायची नसतात. पण त्याच सातांपैकी दोघे दिवसभर दवाखान्यात बसून राहिले, एकीने माझी सायकल घरी पोचवली, आणि पुढचा महिनाभर कुणी ना कुणी डबा घेऊन येत होतं. त्या ओळखी आजही टिकून आहेत.

म्हणून सांगते, ग्रुपमध्ये चालवणं ही वेगळी विद्या आहे आणि ती एकटीने कितीही चालवलं तरी येत नाही. तिचा फायदाही खरा आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते, आणि वेग दीडपट केला तर हवेसाठी लागणारी ताकद तिपटीहून जास्त होते. ताशी तीसच्या आसपास नीट मागे राहिलात तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. शर्यतीतल्या मोठ्या घोळक्यात तर हे थक्क करणारं असतं. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या आइंडहोवन विद्यापीठातल्या संशोधकांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आतल्या आणि मागच्या भागातल्या काहींवर हवेचा अडथळा एकट्या सायकलस्वाराच्या तुलनेत ५ ते १० टक्केच भरला. आपण सहा जणी ताशी बावीसने जाताना एवढं काही मिळत नाही. तरी समोरून वारा असेल तर पाळीपाळीने पुढे राहून अंतर कसं सरतं ते एकदा अनुभवाच. दर दोन-तीन मिनिटांनी पुढची बाजूला होते, मागे जाते, दुसरी पुढे येते. पुढे आल्यावर जोर लावून वेग वाढवायचा नाही, होता तोच ठेवायचा. नवखे नेमके इथे चुकतात. आपली पाळी आली की ताकद दाखवायला जातात आणि मागची ओळ ताणून तोडतात.

नजर पुढच्याच्या चाकावर ठेवायची नाही, त्याच्या खांद्यांवर आणि खांद्यापलीकडे रस्त्यावर ठेवायची. सुरुवातीला पुढच्या सायकलपासून पूर्ण एका सायकलचं अंतर सोडा, फायदा कमी मिळाला तरी चालेल. अचानक ब्रेक नाही, आधी तोंडाने सांगायचं. खड्डा, रेती, गतिरोधक दिसला की पुढची हाताने दाखवते आणि प्रत्येकीने तो निरोप मागे द्यायचा. मधल्या एकीने आळस केला की शेवटची पडते. पौड रस्त्यासारख्या रहदारीत एकामागे एकच. शेजारी शेजारी चालून गप्पा मारायच्या असतील तर त्या चहाच्या टपरीवर. तीव्र उतारावर एकमेकींच्या मागे लागायचंच नाही, मोठं अंतर सोडायचं आणि प्रत्येकीने आपल्या भरवशाने उतरायचं.

तुमच्या त्या पानशेतच्या राइडबद्दल. नवख्या बाईला बरोबर घेऊन मागे न बघता निघून जाणारा ग्रुप ही ग्रुप राइड नव्हेच. चांगल्या ग्रुपमध्ये पुढे एक लीड असते आणि शेवटी एक स्वीप, आणि स्वीपच्या मागे कुणीही नसतं. कुठे थांबून सगळे गोळा होणार हे निघण्याआधी ठरलेलं असतं. पुढच्या वेळी नाव देण्याआधी तीन गोष्टी विचारा: मागच्या रविवारी सगळ्यात हळू असणाऱ्याचा सरासरी वेग किती होता, स्वीप कोण आहे, कुठे कुठे थांबणार. ग्रुपचा सरासरी वेग विचारू नका. तो सगळे पुढच्याचाच सांगतात. उत्तर देताना कुणी आढेवेढे घेतले तर जाऊ नका. मी स्वीप असते तेव्हा माझ्या पिशवीत स्वतःपेक्षा इतरांसाठी जास्त सामान असतं, आणि सगळ्यात हळू असणारीचा फोन नंबर निघण्यापूर्वीच घेतलेला असतो. आठापेक्षा जास्त जण जमले तर आम्ही दोन ओळी करतो, मध्ये एखादा ट्रक शिरू शकेल इतकं अंतर ठेवून. वीस सायकलींची सलग ओळ असली की मागच्या गाडीवाल्याला पुढे निघता येत नाही, तो वैतागतो आणि भलत्या ठिकाणी आत घुसतो.

बीआरएमकडे येते. तुमचा प्रश्न या प्रकाराच्या इतिहासातच आहे, म्हणून मला तो फार आवडला. १८९७ साली इटलीत बारा सायकलस्वार एका दिवसाच्या उजेडात रोम ते नेपल्स असे २३० किलोमीटर गेले, त्यांना ऑडॅक्स म्हणजे धाडसी म्हटलं गेलं. १९०४ मध्ये पॅरिसमध्ये त्या नावाचा क्लब निघाला. तिथल्या राइड घोळक्याने व्हायच्या, ठरावीक वेगाने, कप्तानाच्या मागे, पुढे जायचं नाही आणि मागे राहायचं नाही. १९२१ मध्ये त्यावरून फाटलं. पॅरिसच्या क्लबने प्रत्येकाने आपापल्या वेगाने जाण्याची पद्धत सुरू केली आणि कप्तानाच्या मागे चालणाऱ्यांची वेगळी संघटना झाली. दोन्ही परंपरा आजही जिवंत आहेत. तुम्ही जी बीआरएम करणार आहात ती आपापल्या वेगाची. एकत्र जायला मनाई नाही, कुणाच्या मागे राहिलात तरी चालतं. पण आपली जबाबदारी आपली. वाटेत पंक्चर झालं तर स्वतःच काढायचं, मदतीची गाडी फक्त नेमलेल्या चौक्यांवर भेटू शकते. म्हणजे एकमेकांच्या सोबतीने, पण प्रत्येकजण स्वतःच्या पायावर. मी सुरुवातीला जे मत दिलं ते हेच आहे.

वेळेचा हिशेब करा म्हणजे धीर येईल. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून सरासरी ताशी पंधरापेक्षाही थोडी कमी पडते. तुम्ही चालताना वीसचा वेग ठेवलात तर दहा तास सायकलवर, साडेतीन तास खायला, पाणी भरायला, एखाद्या पंक्चरला. पिरंगुटचा चढ धरून तुमची सरासरी अठरा येते असं तुम्ही लिहिलंय. तेवढीही पुरते, फक्त थांबे आटोक्यात ठेवावे लागतील. आणि वेळ कुठे जातो हे मी खूपदा पाहिलंय: थांब्यावर. दहा जणांत एकाचा चहा संपतो तेव्हा दुसऱ्याचा यायचा असतो, तिसरा फोनवर, चौथा हवा भरतोय. एकटीचा बारा मिनिटांचा थांबा ग्रुपचा चाळीस मिनिटांचा होतो. म्हणून माझा सल्ला: बीआरएमला सुरुवात सगळ्यांबरोबर, पण वेग स्वतःचा. पहिल्या तासात पुढे धावणाऱ्यांना जाऊ द्या. शंभरनंतर आपल्या वेगाची एखादी सोबतीण आपोआप मिळते, आणि संध्याकाळी वारा तोंडावर असताना तिची खरी किंमत कळते.

एकट्याने केलेल्या मोठ्या पराक्रमांबद्दल ऐकून लोक दबून जातात, म्हणून हे सांगते. अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर ओलांडणारी रॅम शर्यत नाशिकच्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती वैयक्तिक गटात पूर्ण केली. पण त्या वैयक्तिक गटातही मागे गाडी असते, त्यात खाणं देणारे, रस्ता सांगणारे, झोपू देणारे आणि उठवणारे लोक असतात. त्याआधीची गोष्ट तर मुंबईचीच. १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलने जगप्रवासाला निघाले, १९२८ मध्ये त्यातले तिघे प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. आणि १९२४ मध्ये मुंबईहूनच एकटे निघालेले फ्रामरोझ दावर यांना व्हिएन्नात एक ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला, पुढची काही वर्षं दोघे एकत्र फिरले. घोळक्याने निघालेले वाटेत पांगले, एकट्याला वाटेत सोबत मिळाली. मी नव्या मुलींना हे नेहमी सांगते.

आता तुमचे पुढचे तीन महिने. पहिला महिना एकटीनेच: रविवारी चाळीस, मग पन्नास, मग साठ किलोमीटर, मुळशी धरणापर्यंत. आधी चाक काढण्याचा सराव झाला पाहिजे, तो टाळून साठला जाऊ नका. याच महिन्यात दोनदा सिंहगड, बोलता येईल इतक्याच जोरात. दुसऱ्या महिन्यात एकच सोबतीण शोधा, तुमच्याच वेगाची किंवा किंचित हळू. वेगवान नको. दोघींनी मागे-पुढे राहण्याचा सराव मोकळ्या रस्त्यावर करा, सकाळी सहाच्या आत. चारेक राइडनंतर पाच-सहा जणींच्या ग्रुपमध्ये जा, वरचे तीन प्रश्न विचारून. तिसऱ्या महिन्यात एकदा शंभर ग्रुपबरोबर आणि एकदा सव्वाशे-दीडशे, शक्य असेल तर अर्धं अंतर सोबतीने आणि अर्धं एकटीने. हे दोन्ही अंतर झालं की बीआरएमला नाव द्या. कडेकपारीचा मार्ग असलेली पहिलीच घेऊ नका, सपाटीची घ्या. अंधारात निघायचं असतं, तेव्हा पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट आधीच घेऊन ठेवा, त्याशिवाय रात्री रस्त्यावर येऊ देत नाहीत.

घरच्यांसाठी. त्यांना ग्रुप हवाय तो तुमची खबर मिळावी म्हणून. ती खबर तुम्ही दुसऱ्या रीतीने द्या. फोनवर लोकेशन चालू ठेवाच, पण रेंज जाते, बॅटरी संपते. म्हणून निघताना फ्रिजवर एक कागद लावा: कुठल्या रस्त्याने जातेय, कुठे थांबणार, किती वाजता परत. त्याखाली एक वेळ लिहा, तुमच्या परतीच्या वेळेनंतर दीड तासाची. त्या वेळेपर्यंत कुणी काळजी करायची नाही आणि फोनवर फोन लावायचे नाहीत, त्यानंतर मात्र कुणाला आणि कोणत्या क्रमाने फोन करायचे ती नावंही तिथेच. माझ्या घरी हे सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच सासूबाईंचे वाटेत येणारे फोन थांबले. आता कागद लावायला विसरले तर दारात त्याच अडवतात.